मुलगा कमावता झाला, मग सवलत कुणाची?

वाचकांचे प्रश्न : प्राप्तिकर

अठरा-वीस ओलांडलेल्या मुलामुलींवर आई-बाप खर्च करत असतात. त्यातलं करात काय चालतं, याबद्दल सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. भारतातले सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १९६१ च्या कायद्याप्रमाणे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक पुढच्या वर्षापासून वेगळे दिसतील. या वर्षाचं विवरणपत्र मात्र जुन्याच कलमांनी भरायचं आहे.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, एमपीएससीचा अभ्यास करतो, कमाई शून्य. त्याचा सगळा खर्च मीच करतो. ‘अवलंबित मुलगा’ म्हणून माझ्या पगारातून किती रक्कम वजा होईल? मुलाचं उत्पन्न किती असेपर्यंत तो अवलंबित धरतात?
— वाचक, जुळे सोलापूर

काहीही वजा होणार नाही. आपल्याकडे प्रत्येक माणसाचा कर वेगळा मोजतात. घरात खाणारी तोंडं किती, हे करमोजणीत येत नाही. शिकवणी, खोलीभाडं, मेस, पुस्तकं यांतल्या कशालाच वजावट नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकांना पटत नाही, पण ‘इतक्या रुपयांपर्यंत अवलंबित’ असा एकच आकडा प्राप्तिकर कायद्यात नाही. सरकारी आरोग्य योजना, कुटुंब निवृत्तिवेतन, विमा कंपन्या यांचे स्वतःचे वयाचे आणि उत्पन्नाचे निकष असतात. तेच आकडे कानोकानी होत करात येऊन बसतात. करात प्रत्येक कलमाचं वेगळं आहे. कुठे मूल ‘अवलंबित’ असावं लागतं, कुठे ‘पूर्णतः किंवा मुख्यतः अवलंबित’, आणि कुठे ते अवलंबित आहे की नाही हे विचारलंच जात नाही. म्हणून आधी कलम कोणतं ते बघायचं, मुलाची कमाई नंतर.

प्रश्न : मुलगा २६ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्व ५५ टक्के, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे. एका वर्कशॉपमध्ये पाकिटं बनवण्याच्या कामाचे त्याला महिन्याला साडेतीन हजार मिळतात, शिवाय संजय गांधी निराधार योजनेचे पैसे येतात. ‘तो कमावतो, आता सवलत गेली’ असं ऑफिसमधल्या एकाने सांगितलं. खरं का?
— वाचक, शेळगी

खरं नाही. तुमचं कलम ८०-डीडी. त्यात पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी दिव्यांग व्यक्ती तुमच्यावर ‘पूर्णतः किंवा मुख्यतः’ अवलंबून असावी लागते. ‘मुख्यतः’ या शब्दामुळेच तुमचा मुलगा बसतो. साडेतीन हजारात त्याचं खाणं, औषधं, प्रवास, देखभाल यांतलं फारसं काही भागत नाही, बाकीचं तुम्ही करता. वयाची अट नाही. तो २६ चा असो की ४६ चा, फरक पडत नाही.

वजावट ठोक आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ७५,००० रुपये, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपये. उपचार, शुश्रूषा, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन यांवर तुम्ही खर्च केलेला असावा लागतो, पण खर्च १२ हजार झाला तरी वजावट ७५ हजारांचीच मिळते. खर्चाची चार बिलं फाइलला ठेवा म्हणजे ‘खर्चच केला नाही’ असं कुणी म्हणणार नाही. २० टक्के टप्प्यात असाल तर सेस (करावरचा उपकर) धरून १५,६०० रुपये वाचतात, ३० टक्क्यांत २३,४००.

गोष्ट अडते ती कागदांवर. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असेल तर फॉर्म १०-आयए लागतो. इतर प्रकारांना दिव्यांगत्वाचं नियमित प्रमाणपत्र चालतं. तुमच्या मुलाचं या दुसऱ्या गटात येतं. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं हवं, सोलापुरात म्हणजे सिव्हिलमधून काढलेलं. खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वजावट मागितली तर ती टिकत नाही. विवरणपत्रात आता दिव्यांगत्वाचा प्रकार, अवलंबित व्यक्तीचा पॅन किंवा आधार आणि यूडीआयडी क्रमांक भरावा लागतो.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत बघा. ज्या आर्थिक वर्षात मुदत संपते त्या पूर्ण वर्षाची वजावट मिळते. पुढच्या वर्षापासून नवी तपासणी आणि नवं प्रमाणपत्र लागतं. सिव्हिलच्या तारखेसाठी वेळ जातो, तेव्हा मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच अर्ज करावा.

दोन गोष्टी मात्र एकत्र चालत नाहीत. मुलाने स्वतः विवरणपत्र भरून कलम ८०-यूखाली स्वतःच्या दिव्यांगत्वाची वजावट घेतली, तर त्या वर्षी तुमची ८०-डीडी जाते. सायबर कॅफेवाल्याने ‘परतावा मिळेल’ म्हणून मुलाचं विवरणपत्र ८०-यू लावून भरून टाकलं आणि बापाची वजावट बुडाली, असं होतं. ज्याला मुळात करच नाही त्याने वजावट घेऊन हाती काय येणार? दुसरं, आई आणि वडील दोघांनी एकाच मुलासाठी पूर्ण रक्कम घेऊ नये. तो मुख्यतः ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याने घ्यावी.

कराबाहेरचं, पण पत्रावरून राहून गेल्यासारखं वाटलं म्हणून लिहितो. मूल १८ चं झालं की आई-बापाचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता या चार प्रकारांत राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. ते नसेल तर बँकेत खातं चालवताना आणि पुढे वारसाच्या व्यवहारांत अडचण येते.

प्रश्न : माझा पगार वर्षाला १४ लाख. ८०-सी (बचत, आयुर्विमा) पूर्ण भरतो, आमचा आरोग्य विमा आहे, मुलगी ८० टक्क्यांहून जास्त दिव्यांग. एवढ्या सवलती असताना जुनी करप्रणालीच फायद्याची ना?
— वाचक, होटगी रोड

आकडे मांडून बघू. नव्या प्रणालीत १४ लाखांतून ७५,००० प्रमाणित वजावट गेली की १३,२५,००० उरतात. त्यावर कर ७८,७५०, सेस धरून ८१,९००.

जुनीत प्रमाणित वजावट ५०,०००, ८०-सी १,५०,०००, ८०-डीडी १,२५,०००, आरोग्य विम्याची ८०-डी २५,००० धरली तर उरतात १०,५०,०००. त्यावर कर १,२७,५००, सेससह १,३२,६००. म्हणजे चार सवलती घेऊनही ५०,७०० रुपये जास्तच. त्यात घरकर्जाचं दोन लाख व्याज आणखी घातलं तरी कर ८५,८०० येतो, नव्यापेक्षा जास्तच. मोठा घरभाडे भत्ता किंवा शैक्षणिक कर्जाचं दणदणीत व्याज असेल तेव्हाच तुमच्या पगाराला जुनी परवडते.

या अंकातल्या ८०-सी, ८०-डी, ८०-डीडी, ८०-ई (शैक्षणिक कर्जाचं व्याज) या सगळ्या सवलती जुन्या प्रणालीतल्याच आहेत. पगार १२,७५,००० पर्यंत आहे आणि दुसरं उत्पन्न नाही, अशांना नवीत करच लागत नाही. त्यांनी हे हिशेब करत बसूच नये. नोकरदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. उशीर झाला की नवीच लागते. धंद्याचं उत्पन्न असेल तर जुनीसाठी मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नवीत परतलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

प्रश्न : कुटुंबाच्या एकत्र आरोग्य विम्यात मी, पत्नी आणि २३ वर्षांचा मुलगा. मुलगा डिसेंबरपासून पुण्यात नोकरीला, पगार २२ हजार. हप्ता मी जूनमध्ये भरला. ‘२५ वर्षांपर्यंत मुलं अवलंबित’ असं पॉलिसीत छापलं आहे, मग पूर्ण हप्ता ८०-डीमध्ये घालू ना?
— वाचक, विजापूर रोड

पॉलिसीतली २५ वर्षं हा विमा कंपनीचा नियम आहे. मुलाला त्या पॉलिसीत ठेवता येईल की नाही, एवढंच तो सांगतो. कलम ८०-डीमध्ये वय लिहिलेलं नाही, उत्पन्नाचा आकडाही नाही. तिथे फक्त ‘अवलंबित मुलं’ असं आहे. स्वतःच्या पगारावर राहणारा मुलगा त्यात येत नाही, मग तो २३ चा का असेना. उलट बिनकमाईचा ३० वर्षांचा मुलगा करात चालेल, पण विमा कंपनी त्याला बाहेर काढेल.

या वर्षापुरतं बोलायचं तर हप्ता भरला त्या दिवशी मुलगा तुमच्यावर अवलंबून होता, म्हणून आमच्या मते पूर्ण हप्ता घ्यायला हरकत नाही. मुलाचं रुजू झाल्याचं पत्र हप्त्याच्या पावतीसोबत ठेवा. पुढच्या जूनमध्ये मात्र मुलाचा वाटा वगळावा लागेल. कंपनीकडून माणशी हप्त्याची फोड लेखी मागवा. ‘तीन माणसं म्हणून तिसरा हिस्सा’ असं अंदाजाने करू नका, कारण पन्नाशीतल्या माणसाचा आणि तेवीस वर्षांच्या पोराचा हप्ता सारखा नसतो.

मर्यादा तुम्ही, पत्नी आणि अवलंबित मुलं मिळून २५,००० (तुम्ही किंवा पत्नी ६० पार असाल तर ५०,०००), आणि प्रतिबंधक आरोग्य तपासणीचे ५,००० त्याच्यातच. हप्ता रोखीने भरला तर वजावट नाही. तपासणीचे पैसे मात्र रोखीने चालतात. दोन-तीन वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल तर तो तितक्या वर्षांत वाटून घ्यायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, म्हणून त्यानंतरच्या पावतीवरचा आकडा कमी दिसला तर घाबरू नका.

पुढे मुलाचा पगार वाढला की तो तुमच्या दोघांचा हप्ता भरून स्वतःच्या करात वजावट घेऊ शकतो. आई-वडिलांच्या बाबतीत कायदा त्यांचं अवलंबित असणं विचारतच नाही.

प्रश्न : मुलगी जर्मनीत एमएस करते. कर्ज तिच्या नावावर, मी सहकर्जदार. ती तिथे अर्धवेळ काम करते. व्याज मी भरतो. ती कमावती म्हणून ८०-ई नाकारतील का?
— वाचक, बार्शी

नाही. ८०-ईमध्ये मूल अवलंबित असण्याची अटच नाही. मुलगी कमावती असो, लग्न झालेली असो, परदेशी असो. बघायच्या गोष्टी दोन : कर्ज घेणाऱ्यांत तुमचं नाव आहे का, आणि व्याज तुमच्या करपात्र उत्पन्नातून गेलं का. सहकर्जदार असाल तर चालेल. नुसते जामीनदार असाल तर नाही. मंजुरीपत्रात तुमच्यापुढे नेमकं काय लिहिलंय ते वाचून घ्या, कारण बोलताना दोन्हींना ‘सही केली’ असंच म्हणतात.

वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही, आणि तिला वरची मर्यादा नाही. बारावीनंतरचा कोणताही अभ्यासक्रम चालतो. कर्ज बँकेचं, अधिसूचित वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं हवं. पतसंस्थेतून, मामाकडून किंवा मालकाकडून उचललेल्या पैशावरचं व्याज यात बसत नाही. सोलापूर-बार्शीकडे पतसंस्थांचं कर्ज पटकन मिळतं म्हणून घेतलं जातं. घ्या, पण ८०-ई मिळणार नाही हे हिशेबात धरूनच.

आता खरी मेख. ज्या वर्षी तुम्ही पहिल्यांदा व्याज भरता, ते वर्ष आणि पुढची सात, अशी एकूण आठच वर्षं मिळतात. शिक्षण चालू असताना, हप्ते सुरू होण्याआधीच्या सवलतीच्या काळात ‘थोडं व्याज भरून टाकू’ म्हणून हजार-दोन हजार भरले की आठ वर्षं तिथूनच सुरू होतात. मोठी व्याजं येतात तेव्हा त्यातली दोन-तीन उडालेली असतात. तेव्हा एकतर सवलतीच्या काळात व्याज चांगल्या रकमेने भरा, नाहीतर अजिबात भरू नका. बँक त्या काळात व्याज खात्यावर चढवते, पण नुसतं चढलेलं व्याज वजावटीला चालत नाही, प्रत्यक्ष भरलेलंच चालतं. मार्चनंतर बँकेकडून मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारा दाखला घ्या. विवरणपत्रात कर्जखात्याचा क्रमांकही विचारतात.

प्रश्न : आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. २१ वर्षांचा मुलगा दुसरी पाळी सांभाळतो. त्याला महिना १५ हजार पगार दाखवला तर चालेल का?
— वाचक, अक्कलकोट रोड एमआयडीसी

चालेल, काम खरंच करत असेल तर. सज्ञान मुलाचा पगार तुमच्या उत्पन्नात मिळवत नाहीत, तो त्याचं उत्पन्न. त्याचे वर्षाचे १,८०,००० करमर्यादेच्या आतच आहेत.

नातेवाइकाला दिलेला पगार वाजवी आहे का, हे अधिकारी कलम ४०ए(२)खाली तपासू शकतो. बाहेरचा जॉबर त्याच पाळीला जे घेतो त्याच्या आसपास ठेवा. पैसे दर महिन्याला मुलाच्या बँक खात्यात टाका. एका दिवशी एका माणसाला १०,००० वर रोख दिले तर तो खर्चच धरत नाहीत. हजेरीपुस्तकात त्याचं नाव इतर कामगारांच्या ओळीत असावं. वर्षअखेरीस एकदम ‘मुलाचा पगार’ अशी एक नोंद टाकणं हे तपासणीत पहिलं पडतं. व्यवसाय कराची कपातही विसरू नका. पंधरा हजारांच्या पगाराला महिना २००, फेब्रुवारीत ३००.

आणि तुम्ही ४४-एडीखाली उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्क्यांनी नफा दाखवत असाल, तर पगाराची वेगळी वजावट नाहीच. सगळा खर्च त्यातच आला असं कायदा धरतो. पगार सुरू झाला की हा मुलगा ८०-डीला अवलंबित राहत नाही, हेही आलंच.

प्रश्न : मुलाच्या नावे सहा लाखांची मुदत ठेव, व्याज सात टक्के. तो ऑक्टोबरमध्ये १८ चा झाला. व्याज कुणाच्या उत्पन्नात?
— वाचक, पंढरपूर

वाढदिवसापर्यंतचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचं, त्यानंतरचं मुलाचं. अज्ञान मुलामागे १,५०० रुपयांची माफी फक्त जुन्या प्रणालीत आहे. अज्ञान मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कलेने मिळवलेले पैसे, तसंच ८०-यूत बसणाऱ्या दिव्यांग मुलाचं उत्पन्न आधीपासूनच तुमच्यात मिळवत नाहीत.

वर्षाचं व्याज ४२,००० आहे. बँक ५०,००० ओलांडल्याशिवाय टीडीएस कापत नाही, त्यामुळे १५-जीची (टीडीएस कापू नका, असं बँकेला सांगणाऱ्या फॉर्मची) घाई नको. पॅन कार्डचं काम मात्र आधी करा. अज्ञान असताना काढलेल्या कार्डावर फोटो आणि सही नसते, ती घालून नवं घ्यावं लागतं. बँकेत मुलाची स्वतःची केवायसी होईपर्यंत खात्याचे व्यवहार थांबवतात.

सज्ञान मुलाला आणखी कितीही रक्कम बक्षीस दिलीत तरी त्याला कर नाही, आणि तिचं व्याज तुमच्याकडे परत येत नाही. हीच रक्कम सुनेच्या नावे ठेवलीत तर मात्र व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. मुलाला द्या, सुनेला नको, असा हा कायद्याचा पक्षपात!

प्रश्न : लग्न झालेल्या मुलीच्या आयुर्विम्याचा हप्ता आणि नोकरदार मुलाच्या पीपीएफमधली रक्कम मी भरतो. ८०-सीमध्ये चालेल?
— वाचक, मोहोळ

दोन्ही चालेल, एकूण दीड लाखात. इथे ‘कोणतंही अपत्य’ असा शब्द आहे. १ एप्रिल २०१२ नंतरच्या पॉलिसीला विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतचाच हप्ता धरतात. भारतातल्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फीसुद्धा दोन मुलांपर्यंत चालते, पण देणगी आणि विकास शुल्क नाही.

प्रश्न : मुलगी-जावई अमेरिकेत, तिथले रहिवासी. नातू २० वर्षांचा, कॉलेजच्या वसतिगृहात. गेल्या वर्षी सुट्टीत काम करून त्याने ९,००० डॉलर कमावले. ‘५,२०० च्या वर गेला, आता अवलंबित नाही’ असं जावई म्हणतात. तसंच, इथे सोलापुरात असलेल्या माझ्या धाकट्या मुलाचा खर्च तेच करतात, त्याला दाखवता येईल का?
— वाचक, सात रस्ता

५,२०० डॉलरची मर्यादा २०२५ सालची खरी आहे, पण ती तुमच्या नातवाला लागत नाही. अमेरिकेत अवलंबितांचे दोन प्रकार आहेत. पहिला ‘पात्र अपत्य’ : ३१ डिसेंबरला वय १९ च्या आत, किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर २४ च्या आत. वर्षातल्या किमान पाच महिन्यांत तो पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर वयाची अट नाही. अर्ध्याहून जास्त वर्ष तो आई-बापाकडे राहिलेला हवा, पण वसतिगृहातला काळ घरीच राहिल्यात धरतात. या प्रकारात कमाईची मर्यादाच नाही. दुसरा ‘पात्र नातेवाईक’. पोरगा २४ चा झाला किंवा शिक्षण सुटलं की तो इथे येतो, आणि तेव्हा त्याचं ढोबळ उत्पन्न ५,२०० च्या आत हवं, शिवाय अर्ध्याहून जास्त पोषण आई-बापाचं.

नातवासाठी खरी कसोटी एकच : स्वतःच्या पोषणाचा अर्ध्याहून जास्त खर्च त्याने स्वतः केला का? कमावले ९,००० आणि त्यातले ४,००० बँकेत ठेवले, तर पोषणात धरायचे ५,०००. शिष्यवृत्ती धरत नाहीत. फसगत होते ती शैक्षणिक कर्जाने. त्याच्या एकट्याच्या नावे घेतलेलं कर्ज फीला वापरलं की तो त्याने केलेला खर्च ठरतो. समजा, जेवण, राहणं, फी, औषधं मिळून वर्षाचा खर्च ३२,००० डॉलर. त्याचे ५,००० आणि त्याच्या नावचं कर्ज १२,००० मिळून १७,००० होतात. निम्मे १६,०००. कमाईमुळे नाही, कर्जामुळे तो बाद. जावयांनी आधी हे तपासावं.

नातवाने स्वतःचं विवरणपत्र भरलं तर ‘मला कुणीतरी अवलंबित दाखवू शकतं’ या चौकटीत खूण करायलाच हवी. ती राहिली आणि त्याचं विवरणपत्र आधी पोचलं, तर जावयांचं ऑनलाइन विवरणपत्र परत येऊ शकतं. मग मुलाचं दुरुस्त करून भरावं लागतं. फायदा किती? १७ च्या आतल्या मुलांचा मोठा क्रेडिट (थेट करातून वजा होणारी रक्कम) इथे नाही. २० वर्षांच्या मुलामागे ५०० डॉलर मिळतात.

तुमच्या धाकट्या मुलाला दाखवता येणार नाही, खर्च कितीही केला तरी. अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी असावी लागते, नाहीतर कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी. सोलापूरचा भारतीय नागरिक यांपैकी कशातच बसत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी आयटीआयएन (अमेरिकेतला करदात्याचा) क्रमांक काढायच्या खटपटीत पैसे घालवू नका. जावई जे पाठवतात ते मुलाला मात्र इथे करमुक्त आहे. बहिणीचा नवरा आपल्या कायद्यात ‘नातेवाईक’ धरला जातो, आणि नातेवाइकाकडून आलेल्या बक्षिसाला मर्यादा नाही.